मिरजेच्या स्टेशनवर आम्ही का गेलो नाही

माझ्या गावच्या शाळामास्तरांनी माझ्या आईला फसवलं. हत्यार मी होतो, पण हात त्यांचा होता. मला वाचता येत नाही हे त्यांना पहिलीपासून ठाऊक होतं. तरी चौथीत त्यांनी मला वाचनात पहिला ठरवून आईच्या हवाली केलं, आणि आईनं पारख न करता घेतलं.

गेलेल्या माणसावर राग धरू नये, असं मला घरचे सांगतात. माझा जन्म खिलार बैलांच्या दलालीत गेला. आमच्यात बैलाची खोड आधी सांगावी लागते. मारका असो, बसका असो, सांगायची. लपवून विकला तर बाजारातले चार जाणते बसतात आणि विकणाऱ्याला बैल परत घ्यायला लावतात. शाळेला हा नियम का लागत नाही, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

आमचं गाव कृष्णेच्या काठी, भिलवडी स्टेशनापासून तासाभराच्या चालीवर. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं आणि सांगली हे वेगळं संस्थान. वडील पलटणीत. मी शाळेत जायच्या सुमारास लढाई सुरू झाली आणि ते दर्यापार गेले. घरात आई, मी आणि थोरला चुलता. शेत एकत्र होतं आणि त्यात काय लावायचं यावरून आईचं आणि चुलत्याचं रोज वाजायचं.

महिना-दोन महिन्यांनी वडिलांचं पत्र यायचं. ते वाचायचा मान चुलत्याचा. तो सोप्यात बसून, पत्र लांब धरून, खाकरून वाचायचा आणि आई दाराआड उभी राहून ऐकायची. प्रत्येक पत्रात वडील खुशाल असायचे आणि शेवटी आईला एक ताकीद असायची: थोरल्याच्या विचारानं वागावं. शेतावरून जोराचं भांडण झालेलं असलं तर पुढच्या पत्रात ती ताकीद दोनदा यायची.

एकदा आई मला म्हणाली, "तुझा बाप हितं हुता तवा थोरल्याचं एक ऐकत न्हवता. तिकडं जाऊन येवढा गुणाचा कसा झाला रं?"

आईच्या मनात तेव्हाच गाठ बसली. मास्तरांकडून पत्र वाचून घ्यावं, तर ते संध्याकाळी चुलत्याबरोबर पारावर बसायचे. पोस्टमनकडून घ्यावं, तर तो पुढच्या दारात जाऊन तेच बोलणार. तिनं मला शाळेत घातलं ते मी साहेब व्हावं म्हणून नाही. घरात विश्वासाचं, स्वतःचं एक वाचणारं माणूस असावं, एवढाच तिचा हिशेब होता. त्यासाठी ती चार वर्षं थांबायला तयार होती.

आणि नेमकं तेच मला येत नव्हतं.

डोळे चांगले होते. आभाळातली घार मला सगळ्यांच्या आधी दिसायची. पण घ आणि ध, भ आणि म, प आणि ष यांच्यातला फरक आज कळला तरी उद्या नव्यानं कळून घ्यावा लागायचा. एका ओळीत एकच शब्द दोनदा आला तर दुसऱ्यांदा तो मला परका असायचा. ओळीच्या शेवटी गेलेली नजर परत येताना भलत्याच ओळीत उतरायची. बाकीच्या पोरांना असं होत नाही, हे मला बराच काळ माहीत नव्हतं. मला वाटायचं, सगळ्यांनाच असं होतं; ती फक्त माझ्यापेक्षा जास्त सोसतात.

मास्तरांनी आधी मारून बघितलं. निरगुडीचा फोक त्यांच्या टेबलावर कायम ओला असायचा. पहिली आणि निम्मी दुसरी मी उभ्यानं काढली. मग एक दिवस, मी कोपऱ्यात उभा असताना, दुसरं एक पोर धडा वाचता वाचता अडखळलं आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. मास्तरांनी वर बघितलं. "पुढं म्हण," म्हणाले. मी पुढं म्हटलं. सबंध धडा म्हटला. हातात पुस्तक नव्हतं. दोनदा ऐकलेलं माझ्या डोक्यातून कधी जात नसे, आणि त्यात काही विशेष आहे असं मला वाटतही नव्हतं.

मास्तरांचा फोक खाली आला. त्यांच्या तोंडावर तेव्हा जे दिसलं ते मी पुढं बाजारात कैक वेळा बघितलं. समोरच्याला आपल्या जनावराची किंमत ठाऊक नाही, हे ज्याला कळतं, त्याचं तोंड तसं होतं.

त्या दिवसापासून मार बंद झाला. शाळा सुटल्यावर मास्तर मला थांबवून घ्यायचे आणि क्रमिक पुस्तकातला एकेक धडा मोठ्यानं वाचायचे. दोनदा वाचला की मी म्हणायचो. मग त्यांनी मला पुस्तक धरायला शिकवलं. बोट ओळीवर कसं सरकवायचं, मधेच थोडं कसं थांबायचं, हे शिकवलं. पान उलटायची जागा आली की ते डोक्यावरची टोपी सारखी करायचे. मला मजा वाटायची. मास्तरांच्यात आणि माझ्यात काहीतरी गुपित आहे, याचा अभिमानही वाटायचा. "कुणाला बोललास तर नाव काढून टाकीन," एवढं मात्र त्यांनी एकदाच, हसत हसत सांगितलं होतं.

त्यांची नड मला फार नंतर कळली. वर्षातून एकदा शाळाखात्याचे दिपोटी तपासणीला येत. निकाल वाईट दिसला तर मास्तरांची बदली पाण्याला महाग अशा एखाद्या वाडीवर होणार होती, आणि चांगला दिसला तर साताऱ्याला. त्यांच्या बायकोचं माहेर साताऱ्याचं.

गावात हे कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही, असं आजची पोरं विचारतात. आमच्या देवळात बुवा पोथी उघडून बसायचे आणि सबंध अध्याय डोळे मिटून म्हणायचे. लोक घरी जाऊन सांगायचे, बुवांनी आज पोथी लय छान वाचली. पोथी समोर आहे आणि तोंडातून बरोबर येते आहे, म्हणजे ते वाचणंच. डोळे उघडे होते का, हे बघणारा माणूस आमच्याकडं आगाऊ ठरला असता.

दिपोटी आले, छकड्यातून, धुळीनं पांढरे होऊन. मास्तरांनी चौथीतून मला पुढं घेतलं, पुस्तक हव्या त्या पानावर उघडून स्वतः हातात दिलं. मी खडा आवाज लावला. अर्धं पान झालं असेल, तोवर माझ्या ध्यानात आलं की दिपोटी पुस्तकाकडं बघत नाहीत, माझ्या डोळ्यांकडं बघताहेत.

"मास्तर, पोरगं वाचतंय की म्हणतंय?" ते म्हणाले.

"साहेब, खेड्यात दोन्ही एकच," मास्तर म्हणाले.

दिपोटी हसले. हसता हसता त्यांनी हात पुढं केला आणि माझ्या पुस्तकाची चार पानं बोटात धरली. ती उलटली असती तर सगळं तिथंच संपलं असतं. मला मार बसला असता, मास्तरांची बदली झाली असती, आणि आईला त्याच दिवशी कळलं असतं.

"साहेब, चहा निवतोय," मास्तर म्हणाले.

तो हात मागं गेला. दिपोटींना कळलं होतं. मी आयुष्यभर दुसऱ्याच्या बोटांवरून त्याचं मन ओळखलं. आमच्या सौद्यात भाव तोंडानं सांगत नाहीत, रुमालाखाली बोटंच बोलतात. ती बोटं समजून उमजून मागं गेली. चहा पिऊन त्यांनी शेरेबुकात लिहिलं की यत्ता चौथीचं वाचन स्वच्छ आहे. संध्याकाळपर्यंत तो शेरा सगळ्या गावाला तोंडपाठ झाला. चुलतासुद्धा पारावर म्हणाला, "आमचं रक्तच तसलं हाय." आईनं वडिलांना कळवायला सांगितलं, आणि ते पत्र मास्तरांनीच आनंदानं लिहून दिलं.

चारेक महिन्यांनी वडिलांचं पत्र आलं. आईनं पोस्टमनला आधीच सांगून ठेवलं होतं की यापुढं पत्र सोप्यात द्यायचं नाही, रानात तिच्या हातात द्यायचं. तिनं मला भर दुपारी जोंधळ्याच्या रानात नेलं. चारी बाजूंनी ताटं डोक्याच्या वर गेलेली. मधे आम्ही दोघं बसलो. तिनं पदराला हात पुसून पत्र माझ्यापुढं धरलं.

"वाच. हळू वाच. बांधाला कान असत्यात."

मी पत्राकडं बघितलं. अक्षरं बाळबोध आहेत की मोडी, हेही कळलं नाही. सगळ्या मुंग्या. चुलत्याच्या तोंडून ऐकलेली सगळी पत्रं मला पाठ होती. मी बोट ठेवलं आणि सुरू केलं: मी इकडे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे, पोरास आशीर्वाद, पाऊसपाणी कसे आहे ते लिहिणे. शेवटची ताकीद तोंडात आली होती. ती मी गिळली.

आईनं पुढं वाकून विचारलं, "थोरल्याचं काय न्हाई त्यात?"

"न्हाई."

"बघ नीट."

"न्हाई म्हणतो की."

तिनं मांडीवर थाप मारली. "मला ठावं हुतं! मला ठावं हुतं, त्यो पदरचं घालतोय!" इतकी खूश मी तिला कधी बघितली नव्हती. तिच्या मनातला संशय मी खरा करून दाखवला होता, म्हणून तिला माझा संशय आला नाही. फक्त पत्र घडी करताना ती म्हणाली, "येवढंच? कागद तर भरलाय की रं."

"अक्षर मोठं हाय," मी म्हणालो.

पंधरा-वीस दिवस गेले. शेजारच्या वाडीतली एक बाई, जिचा नवरा वडिलांच्याच पलटणीत होता, नदीवर धुणं धुताना आईला भेटली. मी काठावर म्हशी घेऊन होतो. तिथूनच मी ऐकलं.

"आवं वैनी, तुमी मिरजंला कशा आला न्हाईसा?"

"मिरजंला? कशाला?"

"आवं, पलटनीची गाडी हुती न्हवं! बेळगावासनं आलेली. सकाळधरनं दुपारपातूर ठेसनावर उभी. आमाला पत्र आलं, आमी बैलगाडी जुपून रातीच निघालो. तुमचं मालक एका जागी बसलं न्हाईत बगा. ह्या टोकाचं त्या टोकाला. लेकरू घेतलेली बाई दिसली की जवळ जाऊन बघायचं. मला लांबनं बघून पळत आलं, अन् जवळ आल्यावर थांबलं. मग म्हणालं, आमची न्हाई का आली तुमच्यासंगं? मी काय सांगू?"

आईनं हातातलं लुगडं पिळलं, बादलीत टाकलं आणि उठली. घरी येऊन तिनं पत्र्याच्या पेटीतून एक पत्र काढून माझ्यापुढं धरलं. "वाच," म्हणाली.

मी पुन्हा तेच म्हटलं. मी इकडे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे. शब्दाला शब्द तेच, न अडखळता. माझं संपेपर्यंत ती थांबली. मग तिनं पत्राचा कोपरा मला दाखवला. त्याच्यावर हळदीचं बोट उमटलं होतं.

"ह्ये आदलं हाय," ती म्हणाली. "थोरल्यानं वाचलेलं. नवं ह्ये." आणि दुसरं पत्र तिनं कमरेतून काढलं.

तिला एक अक्षर येत नव्हतं. पण चार वर्षं शिकवून मास्तरांनी आणि एका सकाळीत दिपोटींनी जी परीक्षा घेतली नाही, ती तिनं हळदीच्या डागावर घेतली.

तिनं मला दंडाला धरून शाळेत नेलं. पोरं पाढे म्हणत होती. मास्तर दारात आले.

"मास्तर, ह्येला वाचाय येत न्हाई."

"असं कसं म्हणता बाई? वाचनात पहिला आहे तो. साहेबांचा शेरा आहे, दाखवू का?"

"शेरा मला कुठं वाचाय येतोय! तुमीच वाचणार, तुमीच सांगणार. ह्ये घ्या. ह्ये वाचा. आन् पदरचं घालू नका."

मास्तरांनी पत्र घेतलं. वाचताना त्यांचा आवाज बसत गेला. पलटण दर्यापारहून बेळगावी परत आली आहे, पुनवेच्या दुसऱ्या दिवशी आमची गाडी मिरजेस थांबेल. पोरास घेऊन जरूर यावे. थोरल्यास कळवू नये. पुढे कोठे नेतील ते सांगता येत नाही. पोरगे आपले आपण वाचील म्हणून मुद्दाम बाळबोध लिहवून घेतले आहे. मधे एका जागी ते थांबले, खाकरले आणि पुढं गेले. ते थांबणं माझ्या कानांनी टिपून ठेवलं. तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

आईनं पत्र काढून घेतलं. "येत न्हवतं तर पास का केलंसा?"

"बाई, मी खूप मारलं त्याला. काही केल्या अक्षर लागेना. नापास केलं असतं तर तुम्ही त्याला ढोरांमागं धाडलं असतंत. त्याच्या भल्याचंच बघितलं मी."

"माज्या भल्याचं कोण बघणार हुतं?" आई म्हणाली. मास्तरांनी वर्गाकडं वळून पोरांना गप्प केलं. पोरं आधीच गप्प होती.

वाटेत ती एवढंच बोलली, "मला तरी सांगायचं रं." मी तिला नाव काढून टाकायची धमकी सांगितली. ते ऐकून तिनं माझा दंड सोडला.

पुढच्या जूनमध्ये तिनं मला मामाकडं सांगलीला घातलं. मामा हळदीच्या बाजारात हमाल होता. तिथल्या शाळेत एक वयस्कर मास्तर होते, दम्यानं धापा टाकणारे. त्यांनी पहिल्या दिवशी पुस्तक पुढं केलं. मी म्हणालो, "ह्ये पाठ न्हाई मला."

"बरं झालं," ते म्हणाले. "पाठ असतं तर मला काही कळलंच नसतं. आता सांग, अक्षरं काय करतात? हलतात? पळतात? एकमेकांसारखी दिसतात?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळंच माझा विश्वास बसेना. पहिले मास्तरसुद्धा मार थांबवल्यावर असेच गोड झाले होते. मी सरळ सौदा घातला. वर्गासमोर उभं करायचं नाही. कुणी हसलं तर मी पुन्हा येणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि आपली अट घातली: रोज दहा ओळी, त्याहून एकही जास्त नाही, अकरावी ओळ मी मागितली तर तू उठून जायचं.

त्यांनी एका जुन्या पोस्टकार्डात एका शब्दाएवढी खिडकी कापली. ती खिडकी ओळीवर सरकवायची, म्हणजे एका वेळी एकच शब्द समोर. सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या जोड्या त्यांनी मला ताटात वाळू पसरून बोटानं गिरवायला लावल्या. परीक्षेत ते प्रश्न मला वाचून दाखवायचे आणि मी तोंडी उत्तरं द्यायचो. हेडमास्तरांनी हरकत घेतली तर म्हणाले, "मला त्याचा इतिहास तपासायचाय, डोळे नाही." ह्या माणसाचा यात फायदा काय, ते मी कितीतरी दिवस शोधत होतो. मला तो सापडला नाही. अजूनही सापडलेला नाही.

दोन वर्षं लागली. मला वाचता यायला लागलं. हळू, बोट ठेवून, पण स्वतःचं. एका सुट्टीत गावी आलो तेव्हा आईकडून ते पत्र मागून घेतलं. पोस्टकार्डाची खिडकी त्याच्यावर ठेवली आणि जेवणापासून दिवेलागणीपर्यंत बसलो. मास्तर जिथं थांबून खाकरले होते तिथं एक ओळ होती. ती त्यांनी आईला वाचून दाखवली नव्हती. तिथं लिहिलं होतं: मास्तरांस माझा रामराम सांगावा, त्यांचे उपकार मी विसरणार नाही, त्यांनी माझ्या पोरास शहाणे केले.

म्हणजे लाज होती त्यांना. लाज नसलेल्या माणसाला मी सोडून दिलं असतं.

लढाई संपली आणि वडील परत आले. धडधाकट आले. पण घरात ते पाहुण्यासारखे वागायला लागले. चुलत्यानं त्यांना आल्या आल्या सांगितलं होतं की पत्र आलं होतं, तिनं ते रानात नेऊन लपवलं, आम्हाला दाखवलंही नाही. एवढं त्यात खरं होतं. एकदा वडिलांनी आईला माझ्यासमोर विचारलं, "पत्र मिळालं हुतं?"

"मिळालं हुतं."

"मग?"

आईनं चुलीत फुंकर घातली. नंतर मी तिच्यावर ओरडलो तेव्हा म्हणाली, "लढाईवर त्येंच्याकडं सांगायला येकच गोष्ट हुती, माझं पोरगं वाचतंय. ती मी मोडू व्हय?"

मग मीच सांगितलं. वडिलांनी शेजारी कुणीतरी ठेवलेलं वर्तमानपत्र उचलून माझ्या हातात दिलं. मी बोट ठेवून चार ओळी वाचल्या.

"हळू वाचतोस, पण वाचतोस की," ते म्हणाले. "आन् तवा तर तुला साहेबाचा शेरा मिळालेला. आईनं शिकवून पाठवलं व्हय तुला?"

सांगलीच्या मास्तरांनी जितकं चांगलं शिकवलं तितका मी खोटा पडत गेलो. त्यांची साक्ष चालणार नव्हती. त्या वेळी ते कुठं होते? ज्याला ठाऊक होतं असा एकच माणूस उरला होता.

चाळीसचं दशक संपत आलं होतं. मी पंधरा-सोळाचा, बैलांच्या बाजारात जाणत्यांच्या हाताखाली लागलेला. साताऱ्याला एका बैलजोडीसाठी गेलो होतो, तिथं मास्तरांचं घर शोधून काढलं. बदली त्यांना हवी तशी झाली होती. मोठ्या शाळेत होते, अंगात कोट आला होता. मला त्यांनी ओळखलं आणि पाट दिला.

मी म्हणालो, "एक ओळ लिहून द्या. पोराला तेव्हा वाचता येत नव्हतं आणि ते मला ठाऊक होतं. एवढंच."

"लिहून? ते कसं देता येईल? नोकरीत आहे मी."

"मग गावाला चला. माझ्या बापाला तोंडी सांगा. दुसरं कुणी नसेल."

"तुझा चुलता असेल ना तिथं. गावभर होईल."

"मग बापाला मी हितं आणतो. ह्या खोलीत. तुम्ही बोलूही नका. मी विचारीन, तुम्ही नुसती मान हलवा."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "जुनं झालं रे ते सगळं. आता नवरा-बायको एका घरात आहेत ना? मग झालं तर."

लिहिण्यापासून मी मान हलवण्यापर्यंत उतरलो होतो. कुठल्याच सौद्यात मी इतका खाली आलो नाही. तरी त्यांनी दिलं नाही. मग मी त्यांना पत्रातली ती गाळलेली ओळ म्हणून दाखवली. रामराम, उपकार, शहाणे केले. त्यांचा चेहरा उतरला. मला समजावावं अशा आवाजात, ते म्हणाले, "तुला वाटतं तू एकटा होतास? तुझ्यासारखे दरवर्षी चार-दोन असतात. चांगली डोकी असतात, पण अक्षर लागत नाही. कोण काय करणार?"

"त्यांचं काय करता?"

"पाठांतर असलं तर पुढं बसवतो. नसलं तर मागं."

मी पाट लाथेनं उडवला. कप फुटला. त्यांची बायको आतून धावत आली, आणि मी कुणी चोर आहे असं समजून ओरडायला लागली. काय झालं होतं ते मास्तरांनी तिला सांगितलं नसणार. मी उतार उतरून बाजारात आलो आणि त्या दिवशी जोडी न घेता परत गेलो.

वडील आणखी बरीच वर्षं जगले. मिरजेचं नाव निघालं की उठून बाहेर जायचे. आई नंतर गेली. शेवटपर्यंत तिनं त्यांना सांगितलं नाही, आणि माझं त्यांना पटलं नाही.

आता माझ्या नातीच्या बाबतीत सांगलीच्या विश्रामबागेतल्या शाळेनं आम्हाला बोलावलं. एक तरुण बाई होत्या. त्यांनी डिस्लेक्सिया असा शब्द वापरला. मला आधी वाटलं, नवं नाव म्हणजे नवी फी. मग त्या सांगत गेल्या आणि मी मधेच विचारलं, "ओळीच्या शेवटून परत येताना नजर दुसऱ्या ओळीत पडते का तिची?" बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. आळस नाही, मंदपणा नाही, कुणाचा दोष नाही, त्या म्हणाल्या. वेळ जास्त द्यायचा, प्रश्न वाचून दाखवायचे, वर्गासमोर उभं करायचं नाही. मी घरी येऊन दार लावून बसलो. जे दम्याच्या एका मास्तराला पोस्टकार्ड आणि वाळू घेऊन जमलं होतं, ते शिकायला बाकीच्यांना एवढी वर्षं लागली, यावर माझा विश्वास बसत नाही. शिकायचं नव्हतं.

नातीचं होईल. तिच्यासाठी मी त्या शाळेशी रोज भांडायला मोकळा आहे. पण मास्तरांच्या तोंडचा तो शब्द मी सोडलेला नाही: दरवर्षी चार-दोन. हा एका मास्तरांच्या एका शाळेचा हिशेब. मास्तर गेले, दिपोटी गेले. पण ज्या खात्याचं ते खात होते ते खातं जागेवर आहे, त्याला कचेरी आहे, दार आहे, खुर्चीत माणूस आहे. जुने हजेरीपट त्यांच्याकडंच असतील. त्यातून मागं बसवलेली आणि माझ्यासारखी पुढं बसवलेली पोरं शोधून काढावीत. जी जिवंत आहेत त्यांच्या घरी जाऊन, घरच्या सगळ्या माणसांना बसवून सांगावं की हा ढ नव्हता, हा खोटारडाही नव्हता, आम्हाला कळलं होतं आणि आम्ही गप्प बसलो. सुरुवात माझ्या घरापासून करावी. हा कागद मी त्याच कचेरीत देतोय. कोण येणार आहे, तेवढं कळवा.